ड्रिलच्या खांबावरचे जेवणाचे टेबल: भंगारातल्या यंत्रांच्या फर्निचरचा दोन वर्षांचा अनुभव

आमच्या जेवणाच्या टेबलाला बाजूने एक हँडल आहे. ते एकदा पूर्ण फिरवले की टेबल बरोबर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वर उचलले जाते, आणि चौसष्ट वेळा फिरवले की २९ इंचांवरचा त्याचा गोल टॉप ३७ इंचांवर येतो. हे टेबल, पाइपांचा एक दिवा आणि एक स्टूल अशा तीन वस्तू मी गेल्या दोन वर्षांत जोगेश्वरी पश्चिमेच्या ओशिवरा फर्निचर बाजारातील एका कारखान्यातून घेतल्या. चौथी वस्तू, म्हणजे भिंतीवरचे घड्याळ, मी पाहून नाकारले. यातल्या एका वस्तूबद्दल माझी गंभीर तक्रार होती आणि ती कारखान्याने मागाहून निस्तरली, त्यामुळे त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. मात्र वस्तूंविषयी जे चांगले आणि वाईट दिसले ते सगळे लिहिते, कारण अशा फर्निचरवर लोक आता मोठी रक्कम खर्च करू लागले आहेत आणि ते पारखून घ्यावे कसे हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही.

जुन्या यंत्रांचे सुटे भाग वापरून घरातले सामान करण्याची ही रीत पाश्चात्त्य देशांतून आलेली आहे. तिकडे या शैलीला स्टीमपंक म्हणतात. हा शब्द १९८७ मध्ये के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकी लेखकाने ‘लोकस’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात प्रथम वापरला, आणि तो त्याने व्हिक्टोरिया राणीच्या काळातील वाफेच्या यंत्रांभोवती रचलेल्या कल्पित कथांसाठी योजला होता. कथांतून ती आवड कपड्यांत, दागिन्यांत आणि पुढे घराच्या सजावटीत उतरली. पॅरिसच्या मेट्रोवरील ‘आर्ट ए मेतिए’ हे स्थानक १९९४ मध्ये फ्रान्स्वा श्युइतेन या चित्रकाराच्या आराखड्यानुसार नव्याने सजवण्यात आले. तेथे भिंतींवर रिव्हेट मारलेले तांब्याचे पत्रे, जहाजासारख्या गोल खिडक्या आणि छतातून बाहेर आलेली प्रचंड दातेरी चक्रे आहेत. ही शैली कशी दिसते हे कोणी विचारले तर मी त्या स्थानकाची छायाचित्रे पाहायला सांगते. आपल्याकडच्या दुकानांत जे मिळते ते याच घराण्यातले आहे: गिअर, प्रेशर गेज, व्हॉल्व्हची चाके, पितळ, तांबे आणि गडद रंगाचे जुने लाकूड.

माझी पारख मात्र पॅरिसहून आलेली नाही, ती लालबागहून आली आहे. माझे वडील तिथल्या एका कापड गिरणीत, स्पिनिंग खात्यात, फिटर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, त्या दिवसापर्यंत ते कामावर होते. नंतर ती गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या हातून ज्या यंत्रांना वंगण मिळाले, ती यंत्रे पुढे गॅस कटरने कापून किलोच्या भावाने विकली गेली, आणि यंत्राचा एखादा भाग कोणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेला ठेवलेला दिसला की त्यांना बरे वाटते की वाईट, हे मला बराच काळ कळत नव्हते. म्हणूनच टेबल घरी आले तेव्हा सर्वांत आधी मी त्यांनाच बोलावले.

टेबलाचा पाया आणि खांब एका जुन्या पिलर ड्रिलिंग मशीनचा, म्हणजे उभ्या खांबावर बसवलेल्या भोके पाडण्याच्या यंत्राचा आहे. अशा ड्रिलमध्ये ज्या टेबलावर काम बांधतात ते खालीवर करावे लागते, आणि त्यासाठी खांबाला लागून एक उभा स्क्रू, दोन तिरक्या दातांचे बेव्हल गिअर आणि एक हँडल असते. कारखान्याने यातले काहीच बदललेले नाही. लोखंडी टेबलाच्या जागी फक्त ४८ इंच व्यासाचा सागवानी टॉप बसवला आहे. हँडलवरच्या लहान गिअरला १५ दात आहेत आणि स्क्रूवरच्या मोठ्याला ३०, म्हणजे हँडलच्या दोन फेऱ्यांत स्क्रूची एक फेरी होते. स्क्रूला इंचाला चार आटे आहेत, त्यामुळे त्याच्या एका फेरीत पाव इंच आणि हँडलच्या एका फेरीत पाव इंचाचे निम्मे, म्हणजे सुताराचे एक सूत, एवढी उंची मिळते. आट्यांचा चढ अगदी कमी असल्यामुळे वरच्या वजनाने स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही. लॉरीच्या जॅकमध्ये हेच तत्त्व असते. टेबलावर पाण्याचा भरलेला हंडा ठेवला तरी ते तसूभर खाली येत नाही, हे मी करून पाहिले आहे.

बाबांनी आल्याबरोबर टॉपकडे पाहिलेही नाही. ते खाली बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोठ्या गिअरच्या एकेका दातावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी मला हात धरून तेच करायला लावले. दाताची एक बाजू आरशासारखी गुळगुळीत होती आणि दुसरी खडबडीत, जवळजवळ ओतीव अवस्थेतच राहिलेली. टेबलाचे वजन नेहमी खालीच ओढते, त्यामुळे दाताची एकच बाजू भार घेते आणि तीच झिजते, असे त्यांनी सांगितले. “हा दात चाललेला आहे,” एवढेच ते म्हणाले, पण त्या एका वाक्याने माझी अर्धी काळजी मिटली. खऱ्या वापरातला गिअर आणि शोभेसाठी नवीन ओतून वर गंज चढवलेला गिअर यांतला फरक ओळखायला मला तेव्हापासून ही खूण पुरते: बोट फिरवून पाहावे, दोन्ही बाजू सारख्याच खडबडीत असतील तर त्या गिअरने बहुधा कधी काम केलेलेच नाही.

त्यानंतर त्यांनी पेटीतून आट्यांचा गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पात्यांची पट्टी, काढली. खांबावर सरकणारी बाही हवी त्या उंचीवर घट्ट करण्यासाठी एक अर्ध्या इंचाचा बोल्ट आहे आणि तो नवा दिसत होता. जुन्या इंग्रजी यंत्रांचे आटे व्हिटवर्थचे असतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ते प्रमाण मांडले. त्यात आट्याचा कोन ५५ अंश असतो आणि अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचात १२ आटे असतात. बाजारात सहज मिळणारा अमेरिकी पद्धतीचा अर्ध्या इंचाचा बोल्ट इंचात १३ आट्यांचा आणि ६० अंशांचा असतो. तो दोन फेऱ्या आत जातो, अडकतो, आणि त्यावर पाना चालवला की आतले जुने आटे कायमचे खराब होतात. १२ मिलिमीटरचा बोल्टही त्यात नीट बसत नाही. गेजची पाती बोल्टवर बरोबर बसली तेव्हा बाबांनी मान डोलावली: कारखान्याने लेथवर १२ आट्यांचा व्हिटवर्थ बोल्ट मुद्दाम कापून घेतला होता. ग्राहकाला हे कधी दिसणार नव्हते, तरी त्यांनी ते केले, आणि माझ्या मते या एका बोल्टसाठी त्या कारखान्याला भरभरून श्रेय द्यायला हवे.

पायाच्या एका कोपऱ्यावर वीतभर लांबीची पिवळी रेघ दिसते. तेथे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कधीतरी तडकलेले होते आणि ब्रेझिंग करून, म्हणजे वितळलेले पितळ भरून, ते सांधलेले आहे. मला आधी तो दोष वाटला. बिडाला साध्या वेल्डिंग रॉडने जोडले तर जोडाच्या शेजारचा भाग काचेसारखा कडक होतो आणि थोड्याच दिवसांत तिथेच नवा तडा जातो; म्हणून ते एक तर निकेलच्या रॉडने जोडावे लागते किंवा तापवून पितळेने, आणि नंतर राखेत किंवा चुन्यात गाडून सावकाश थंड करावे लागते. ती पिवळी रेघ म्हणजे कोणा जाणकाराने केलेली दुरुस्ती आहे. कारखान्याने ती काळ्या रंगाखाली झाकली नाही हेही मला आवडले. मडके जसे वाजवून घेतात तसे बिडाचे भागही वाजवून घ्यावेत, असा बाबांचा सल्ला आहे. आत कुठे तडा असेल तर आवाज बद्द येतो.

टॉप जुन्या चाळीच्या तुळयांचा आहे, असे मला सांगण्यात आले. तुळईची गोष्ट खरी असो वा नसो, सागवान जुनेच आहे, कारण त्यात खिळ्यांची काळी पडलेली भोके आहेत आणि ती बुजवताना लाकडाच्याच खुंट्या वापरल्या आहेत. खालून लोखंडी चौकटीला तो ज्या बोल्टांनी धरला आहे त्यांची भोके गोल नसून लांबट आहेत. पावसाळ्यात फळ्या रुंदीच्या बाजूने फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. भोके घट्ट असती तर पहिल्याच पावसाळ्यानंतर सांधे उलले असते. दोन पावसाळे झाले, एकही सांधा उघडलेला नाही.

उंची बदलणारे जेवणाचे टेबल कशाला हवे, असे मला घरी सर्वांनी विचारले होते. पहिल्या दिवाळीत त्याचे उत्तर मिळाले. आईच्या गुडघ्यांमुळे खाली बसून करंज्या करणे बंद झाले होते आणि नेहमीच्या टेबलावर वाकून लाटल्यास तिची पाठ धरत असे. टेबल ३६ इंचांवर नेले आणि ती, माझी नणंद आणि मी अशा तिघी त्याभोवती उभ्या राहून दुपारभर लाटत, भरत, कातत होतो. टॉप गोल असल्यामुळे कोणालाच कोपऱ्याची अडचण होत नव्हती. इस्त्रीही आता तिथेच होते. ६४ फेऱ्या मारायला दीड ते दोन मिनिटे लागतात, म्हणून रोज दोनदा कोणी खालीवर करणार नाही हे खरे आहे. कामापुरते नेमके हवे तेवढे, सुतासुताने उंच करता येणे मात्र दुसऱ्या कोणत्याही टेबलात मला मिळालेले नाही. टॉपवर कोपराने जोर दिला तर किंचित हेलकावा जाणवायला हवा होता, तो जाणवत नाही. खांबावरची बाही आतून कातून तिच्यात गनमेटल या मिश्रधातूचा बुश, म्हणजे घट्ट बसणारी आतली नळी, बसवला आहे, त्याचा हा परिणाम आहे.

वजनाचा विचार मात्र आधी करावा. हे टेबल सव्वाशे किलोच्या आसपास भरते. आमच्या लिफ्टमध्ये पाया मावला नाही आणि चार माणसांनी तो दोरखंड लावून तीन मजले जिन्याने चढवला, त्याचे वेगळे पैसे द्यावे लागले. फरशीवर थेट ठेवले असते तर टाइल फुटल्या असत्या, म्हणून पायाखाली जाड रबराचे तुकडे आहेत. एकदा ठेवलेली जागा बदलायची म्हटले तर शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. घर भाड्याचे असेल आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलावे लागत असेल, तर या टेबलाच्या वाटेला जाऊ नये असे मी स्पष्टपणे सुचवेन.

आता दिव्याबद्दल. अर्ध्या इंचाचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आणि त्यांचे एल्बो, युनियन हे सांधे जोडून केलेला हा टेबललॅम्प दिसायला इतका देखणा आहे की पाहुण्यांचे लक्ष टेबलाआधी त्याच्याकडे जाते. मध्यभागी ० ते २०० पीएसआयपर्यंत (चौरस इंचावर इतके पौंड) दाब मोजणारा प्रेशर गेज आहे. युजीन बूर्दों या फ्रेंच तंत्रज्ञाने १८४९ मध्ये शोधलेली रचना त्यात आहे: चपटी, वाकवलेली पितळी नळी आत दाब आला की सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाची ती हालचाल दांडी व गिअरमार्फत काट्यापर्यंत पोचते. या दिव्यात दाब येण्याचा प्रश्नच नाही, काटा शून्यावरच असतो, पण काचेतून ती नळी दिसावी म्हणून डायलचा एक भाग कापून खुला केला आहे आणि माझी पुतणी त्यातून तासन्‌तास डोकावते. खालच्या व्हॉल्व्हचे लाल चाक फिरवले की उजेड कमीजास्त होतो. व्हॉल्व्हच्या पोटात डिमर बसवला आहे. चाकाने वाफेऐवजी उजेड सोडावा ही कल्पना मला मनापासून आवडली.

पण आणल्यानंतर आठव्या दिवशी ओल्या हाताने पाइपला स्पर्श झाला आणि हाताला झिणझिण्या आल्या. इलेक्ट्रिशियनने टेस्टर लावला तर तो पेटला. प्लग दोन पिनांचा होता, म्हणजे संपूर्ण लोखंडी अंगाच्या दिव्याला अर्थिंगच नव्हते. दिवा उघडल्यावर कारण दिसले: पाइपच्या टोकाला आटे पाडल्यावर जी धारदार कड राहते ती कानशीने घासलेली नव्हती, तिथे रबरी बुशही नव्हता, आणि वायरचे वेष्टण त्या कडेवर कापले गेले होते. शिवाय आट्यांच्या होल्डरमध्ये फेजची तार मधल्या टोकाला आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना हवी, ती उलट जोडलेली होती, म्हणजे दिवा चालू असताना बल्ब बदलणाऱ्याच्या बोटांना थेट फेज लागण्याची सोय झाली होती. ज्या घरात लहान मूल आहे तिथे अशी वस्तू पाठवणे हा निष्काळजीपणा आहे आणि टेबलाचा बोल्ट व्हिटवर्थचा कापणाऱ्या त्याच कारखान्याकडून तो व्हावा याचे मला फार वाईट वाटले. लोखंडाचे काम जाणणारे हात तिथे आहेत, विजेचे काम जाणणारे तेव्हा नव्हते.

मी तक्रार केली. कारखान्याच्या मालकांनी वाद घातला नाही. दिवा त्यांनी नेला, तीन पिनांचा प्लग, अंगाला जोडलेली अर्थची तार, पाइपच्या दोन्ही टोकांना बुश आणि योग्य दिशेची जोडणी करून अकरा दिवसांनी परत दिला. नेण्या-आणण्याचा खर्च मात्र माझ्याकडून घेतला, जो मला अन्यायाचा वाटला. आम्ही घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, हाही बसवून घेतला. आता अंगाला काही लागत नाही आणि मूळचा तापणारा बल्ब काढून चार वॉटचा एलईडी फिलामेंट बल्ब लावला आहे. तरीही असा दिवा कुठूनही घ्याल तर दुकानातच प्लगच्या पिना मोजा आणि नसलेल्या तिसऱ्या पिनेवर कोणतीही सबब ऐकून घेऊ नका. खरा जुना स्टीम व्हॉल्व्ह वापरलेला असेल तर आतले पॅकिंग काढले आहे का हेही विचारा, कारण जुन्या व्हॉल्व्हच्या ग्लँडमध्ये, म्हणजे दांड्याभोवतीच्या खोबणीत, फुप्फुसांना घातक अशी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी असू शकते. माझ्या दिव्यातला व्हॉल्व्ह आतून पूर्ण मोकळा केलेला आहे.

घड्याळ मी का नाकारले ते सांगते. अडीच फूट व्यासाच्या त्या घड्याळात तांब्याच्या रंगाची तीन दातेरी चक्रे एकमेकांत अडकवून मांडलेली होती आणि दुकानातल्या दहा माणसांपैकी आठ त्याच्यासमोर उभी राहून छायाचित्र घेत होती. एकमेकांत अडकलेली तीन चक्रे फिरूच शकत नाहीत. पहिले उजवीकडे फिरले तर दुसरे डावीकडे, दुसऱ्यामुळे तिसरे पुन्हा उजवीकडे, आणि तिसरे पहिल्याला डावीकडे ढकलणार. तिन्ही एकमेकांना जखडून बसतात. जवळून पाहिले तर दातांची मापेही वेगवेगळी होती आणि चक्रे लाकडी भुशाच्या बोर्डाची, लेझरने कापून रंगवलेली होती. किंमत मात्र खऱ्या गिअरच्या दिव्यापेक्षा जास्त. ज्याने कधी यंत्र पाहिले नाही त्याला ते सुंदर दिसेल, हे मी समजू शकते. पण गिअर ही आकृती नाही, ती हालचालीची आज्ञा आहे. जिथे ती आज्ञा पाळलीच जाऊ शकत नाही तिथे माझा जीव रमत नाही. या शैलीतली निम्मी दुकाने आज अशाच चिकटवलेल्या चक्रांवर चालली आहेत.

स्टुलाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ट्रॅक्टरची भोकाभोकांची पत्र्याची सीट, खाली जाड स्क्रूचा दांडा आणि तीन पाय. ते ओशिवऱ्यात बनलेले नसून जोधपूरहून आले आहे. तिथल्या बासनी आणि बोरनाडा भागांतले कारखाने असे सामान परदेशी बाजारासाठी मोठ्या प्रमाणावर करतात. बसायला आश्चर्य वाटावे इतके सुखाचे आहे, कारण दिवसभर नांगरट करणाऱ्याच्या शरीरासाठी ते दाबून घडवलेले आहे. उन्हात ठेवू नये.

दुकानात आणखी एक वस्तू होती, जी घेण्याची ऐपत नव्हती, पण जिच्याजवळ आम्ही बराच वेळ थांबलो. रिंग फ्रेम या सूत कातायच्या यंत्राच्या दोन टोकांच्या बिडाच्या चौकटी पाय म्हणून घेऊन केलेले लांब कन्सोल टेबल होते ते, आणि एका चौकटीवर ओतीव अक्षरांत ओल्डहॅम हे नाव होते. लँकेशायरमधल्या त्या गावी प्लॅट ब्रदर्स ही कापडयंत्रे करणारी मोठी कंपनी होती आणि १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी उभारलेल्या मुंबईच्या पहिल्या गिरणीपासून तिकडची यंत्रे या शहरात येत राहिली. बाबांनी त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि कारागिराला विचारले की ही कुठल्या गिरणीतली. त्याला माहीत नव्हते. रे रोडजवळच्या दारुखाना या भंगार बाजारातून वजनावर घेतली, एवढेच त्याने सांगितले. विकणाऱ्यांनी निदान एवढे तरी करावे, भाग कुठून आला, कोणत्या यंत्राचा होता, याची नोंद चिठ्ठीवर लिहून वस्तूसोबत द्यावी. इंग्लंडमधल्या घरात अशी चौकट कल्पित भूतकाळाची सजावट म्हणून शोभेल. लालबाग-परळच्या माणसाला ती तशी दिसणार नाही, त्याला तिच्यापुढे उभा असलेला माणूस आठवतो. सुदैवाने त्या टेबलाच्या अक्षरांवर अजून रंग फासलेला नव्हता आणि फासू नये असे आम्ही मालकांना सांगून आलो.

रंगाचा विषय निघाला आहे तर, जुन्या यंत्रांवरच्या मूळ रंगात शिसे असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी आली. औद्योगिक रंग त्या नियमांत आलेच नाहीत. पोपडे निघालेला मूळ हिरवा रंग छायाचित्रात फार छान दिसतो आणि काही दुकाने तो मुद्दाम तसाच ठेवतात. जेवणाच्या टेबलावर आणि मुलांच्या खोलीत तो मुळीच नको. आमच्या टेबलाचा रंग पूर्ण काढून बीड उघडे केले होते आणि वर पारदर्शक लॅकर मारला होता, पण मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत पहिल्या पावसाळ्यातच लॅकरखाली तांबूस डाग उमटले. ही उणीव कारखान्याला आधी कळायला हवी होती. आम्ही लॅकर खरवडून काढला आणि आता वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, उकळलेल्या जवसाच्या तेलात मेण मिसळून त्याचा पातळ हात देतो. तेल लावलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात, म्हणून उघड्यावर पसरून वाळवावीत.

शिवणयंत्राच्या बिडाच्या स्टँडवर संगमरवर किंवा काच ठेवून केलेली टेबले या सगळ्यांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी आहेत. त्यांची खरेदी करण्याआधी एक प्रश्न विचारावा: यंत्र चालत होते का? स्टँडसाठी चालू मशीन मोडून वरचा भाग भंगारात घातल्याचे मी एका दुकानात स्वतः पाहिले आणि तिथून काहीही न घेता निघून आले. ज्या मशीनवर अजून एखादे घर चालू शकते ते मोडून त्यावर फुलदाणी ठेवणे मला पटत नाही. यंत्र खरोखरच निकामी असेल तर तो स्टँड जरूर घ्यावा, फक्त घरात लहान मुले असतील तर पायटा आणि चाक बांधून ठेवावे, कारण त्या दोहोंमध्ये बोट सापडू शकते.

किमती लिहिते. टेबल ६८,००० रुपये आणि चढवण्याचे ३,५०० वेगळे, दिवा ७,५००, स्टूल ६,२००. टेबलाची मुदत सहा आठवड्यांची ठरली होती, ते दहाव्या आठवड्यात आले. टेबल पैसे वसूल करणारे आहे, कारण त्याची प्रत्येक दुरुस्ती करता येते आणि कुठलाही भाग फेकून द्यावा लागणार नाही. दिवा दुरुस्तीनंतर चांगला आहे. स्टूल थोडे महाग आहे.

पुढची वस्तू सांगून ठेवली आहे. माझ्या मामांच्या सांगली जिल्ह्यातल्या गोठ्यात कडबा कुट्टी मशीनचे बिडाचे चाक पडून आहे; यंत्राची पाती केव्हाच गेली, चौकट गंजली, चाक मात्र शाबूत आहे. त्याचे लहान टेबल करायचे आहे, सोफ्यापुढे ठेवायला. या वेळी मी पावतीवर तीन अटी लिहून घेतल्या आहेत: चाक त्याच्या मूळ धुरीवर आणि नव्या बुशवर फिरते राहील, त्याला पक्के करण्यासाठी काढता येणारी खीळ असेल आणि चाकावर कुठेही वेल्डिंग होणार नाही. चाक ओशिवऱ्याला नेण्यापूर्वी बाबांनी ते उभे करून हातोडीच्या दांड्याने चारी बाजूंनी वाजवून पाहिले. आवाज स्वच्छ आला.